नववीचा धडा आणि सव्वापाचची गाडी

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. अकरावीचे प्रवेश तेव्हा आमच्याकडे ऑनलाइन झाले नव्हते. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, भोवताली तीस-पस्तीस खेडी, आणि टेबलामागे बसून अर्ज तपासणारी मी. एका मुलीचा अर्ज हातात आला. दहावीला ८६ टक्के, विज्ञानात शंभरापैकी ९१, आणि शाखेच्या रकान्यात ‘कला’.

“सायन्स का नाही घेत गं?”

“मॅडम, प्रॅक्टिकल साडेपाचले सुटते. आमची गाडी सव्वापाचची हाये.”

मागे तिचे वडील उभे होते. खांद्यावर दुपट्टा, हातात टीसी आणि गुणपत्रिका ठेवलेली पिशवी. ते म्हणाले, “पोरीले शिकवाले मी कधी नाही म्हणलं का? पण अंधार पडल्यावर चवदा किलोमीटर कशी येईन थे?”

आता या माणसाचं मी काय प्रबोधन करणार होते?

मुलींच्या शिक्षणावर आपल्याकडे बोललं जातं ते दोनच गोष्टींबद्दल. एक म्हणजे त्याचे फायदे: मुलगी शिकली की कुटुंब सुधारतं, गाव सुधारतं, देश पुढे जातो. दुसरी म्हणजे पालकांची मानसिकता, ती बदलली पाहिजे. दर ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालून मीही ही दोन्ही भाषणं केली आहेत, आणि टाळ्याही घेतल्या आहेत. पण वीस वर्षं खेड्यातल्या मुलींना शिकवल्यावर माझं मत असं झालंय की, फायद्यांचं भाषण खरं असूनही अर्धवट आहे, आणि मानसिकतेचं भाषण बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाची तरी जबाबदारी बापाच्या गळ्यात घालतं.

आधी फायद्यांचं बघू. ते हवेतले नाहीत. १९७० ते २००९ या काळात जगात पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू किती घटले आणि का घटले, याचा १७५ देशांचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१० साली आला. १९७०च्या मानाने २००९मध्ये जे ८२ लाख मृत्यू टळले, त्यांतल्या निम्म्याहून किंचित जास्त, म्हणजे ४२ लाख मृत्यूंचं श्रेय संशोधकांनी बायकांच्या वाढलेल्या शिक्षणाला दिलं. लस, औषधं, मिळकत या सगळ्यांचा वाटा उरलेल्या निम्म्यात. कमाईचंही तसंच. शाळेचं एकेक वर्ष वाढलं की मिळकत जगभरात सरासरी नऊ टक्क्यांच्या आसपास वाढते, आणि बायकांच्या बाबतीत ही वाढ पुरुषांपेक्षा दोनेक टक्के जास्तच भरते.

पण हे आकडे ऐकताना एक गोष्ट निसटते. फायदा नेमका कुठल्या इयत्तेत पदरात पडतो? ‘मुलगी शाळेत जाते’ एवढ्यावर आपण खूश असतो. चौथीपर्यंत शिकलेल्या आणि बारावीपर्यंत शिकलेल्या मुलीला एकाच ‘साक्षर’ रकान्यात टाकतो.

विदर्भातलंच उदाहरण घ्या, सिकलसेलचं, म्हणजे आई-बापांकडून मुलांत उतरणाऱ्या रक्ताच्या आजाराचं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर, मेळघाट, आमच्या यवतमाळचाही काही भाग; या पट्ट्यात हा आजार पिढ्यान् पिढ्या घराघरांत आहे. वाहकाला, म्हणजे एकाच पालकाकडून तो दोष आलेल्याला, सहसा काही त्रास होत नाही, त्यामुळे तो आपल्यात आहे हे त्याच्या गावीही नसतं. पण दोन वाहकांचं लग्न झालं की प्रत्येक बाळंतपणात मूल सिकलसेलग्रस्त निघण्याची शक्यता चारात एक. रक्ताची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. अडतं ते एवढ्यावरच, की लग्न जुळवताना हा विषय काढायचा कुणी? पत्रिका बघणाऱ्या घरात रक्ताचं कार्ड मागणारी माणसं अजून कमीच. ज्या दोन-तीन घरांत हे झालेलं मी पाहिलं, तिथे विषय मुलीनंच काढला होता. एकीनं तर वहीच्या पानावर चौकोन आखून मामाला समजावलं होतं: हे एएस, हे एएस, दोघंही वाहक, आणि या कोपऱ्यात एसएस, आजारी मूल. मामा म्हणाला, “एवढं कुठून शिकली वं?”

नववीत. आनुवंशिकतेचा धडा आणि त्यात सिकलसेल हे नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात येतं.

आणि मोफत-सक्तीच्या शिक्षणाचा २००९चा कायदा आठवीला संपतो. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत, असं राज्याच्या नियमांत लिहिलंय. नववीची शाळा किती लांब असावी याबद्दल कायदा गप्प आहे. म्हणजे मुलगी वयात येते, आई-बाप धास्तावतात आणि शाळा गावाबाहेर जाते, नेमकं तेव्हाच सरकार तिचा हात सोडतं. ज्या फायद्यांची आपण भाषणं करतो ते तर त्याच्या पुढच्या चार वर्षांत आहेत.

दुसरा प्रसंग सांगते. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी आत्महत्या केली. आमच्या जिल्ह्यात या वाक्यावर आता कुणी थांबतही नाही. प्रकरण पात्र ठरलं तर कुटुंबाला एक लाखाची मदत मिळते, तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. त्यासाठी आणि सातबारावर वारसांची नावं चढवण्यासाठी कागद गोळा करणं सुरू झालं. तेराव्यानंतर आठवड्याभरात घरातलीच वडीलधारी माणसं स्टॅम्पपेपर घेऊन आली. “इथं अंगठा दे वहिनी, बाकी आम्ही पायतो.” पोरगी चुलीजवळ होती. बारावी कला, नुकतीच पास झालेली. तिनं कागद मागून घेतला आणि उभ्या उभ्या वाचला. मग म्हणाली, “काका, याच्यात तं मायनं अन् आमी दोघी बहिणींनी हक्क सोडला असं लिवलं हाये. वारसाच्या नोंदीले हक्कसोड कायले लागते?”

कागद तसाच परत गेला. काकांनी पुढे वर्षभर अबोला धरला, तो भाग वेगळा.

मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा वाटा महाराष्ट्रात १९९४ साली आला, देशभर २००५ साली. विधवेचा हक्क तर त्याहूनही जुना. कायदे आहेत. पण ‘हक्कसोडपत्र’ हा शब्द कागदाच्या मधोमध बारीक टायपात असतो आणि तो ओळखायला घरात कुणीतरी लागतं. हे काही पदवीचं ज्ञान नाही. सराईतपणे वाचता येणं, आणि वाचलेलं चार मोठ्या माणसांसमोर बोलून दाखवता येणं, एवढंच आहे. यातलं पहिलं शाळेत मिळतं. दुसरं, मला वाटतं, अर्धंअधिक एसटी स्टँडवर मिळतं. दोन वर्षं रोज गाडी चुकण्यात, कंडक्टरशी भांडण्यात, अर्ज लिहिण्यात. तेरा वर्षांच्या मुलीला घरी बसवलं की ही दोन्ही शिक्षणं बंद होतात. मोजदाद मात्र आपण पहिल्याचीच करतो.

आता मानसिकता. शंभर वर्षं तरी या मातीची नांगरणी झालेली आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी बाया-पुरुषांना लावल्या जाणाऱ्या वेगवेगळ्या मापांचा जाब १८८२ साली छापून विचारला. नागपूर-कामठी रस्त्यावर ओझी वाहून पोट भरणाऱ्या जाईबाई चौधरींनी १९२२ साली नागपुरात चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा काढली. गाडगेबाबा जेवायचं ताट मोडा पण पोरांना शिकवा म्हणत गावोगाव फिरले. पंजाबराव देशमुखांच्या शिवाजी शिक्षण संस्थेनं वऱ्हाडात हायस्कुलं नेली. बाबासाहेबांचा फोटो असलेल्या घरात तर मुलीला शाळेतून काढणं आजही लाजेचं वाटतं. बालविवाहाचं बघा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायांपैकी २१.९ टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झालेली होती, पण भंडारा-गोंदियाकडे हे प्रमाण राज्यात सगळ्यात कमी असणाऱ्यांपैकी आहे. आमच्या पश्चिमेकडे, बुलढाणा-अकोल्याच्या बाजूला, ते वाढत जातं हे खरं. सगळे बाप देवमाणसं आहेत असं मी म्हणत नाही. मुलाला इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये आणि मुलीला जिल्हा परिषदेच्या शाळेत घालणारी घरं माझ्याच गल्लीत आहेत. पण ‘मानसिकता’ हा एकच शब्द सगळ्याला लावून मोकळं होणं सोयीचं कुणाला पडतं, तेही पाहावं. मानसिकतेला डिझेल लागत नाही.

बिहारचं उदाहरण याबाबत डोळे उघडणारं आहे. २००६ साली तिथल्या सरकारनं नववीत जाणाऱ्या प्रत्येक मुलीला सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा परिणाम तपासला. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलं आणि मुला-मुलींतली दरी ४० टक्क्यांनी मिटली. ही वाढ मुख्यतः कुठल्या गावांत झाली? जिथून हायस्कूल तीन किलोमीटरहून लांब होतं तिथे. दोन-तीन वर्षांत बिहारी बापाची मानसिकता बदलली असेल यावर माझा विश्वास नाही. सायकल आली. मुली घोळक्यानं जाऊ लागल्या, त्यामुळे भीतीही कमी झाली. बांगलादेशनं १९९४पासून देशभरातल्या ग्रामीण मुलींना सहावी ते दहावी विद्यावेतन दिलं. हजेरी हवी, गुण हवेत आणि लग्न झालेलं नको, एवढ्याच अटी. तिथेही आधी पैसा पोचला.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही. मुलींना एसटीचा मोफत पास आहे. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या मागास तालुक्यांत मुलींसाठी निळ्या गाड्या आहेत आणि पाच किलोमीटरच्या आतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली आहेत. या योजनांनी खूप मुली शिकल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणूनच गाडी बंद होते तेव्हा काय होतं, तेही पाहिलंय. २०२१च्या दिवाळीत एसटीचा संप सुरू झाला तो एप्रिलपर्यंत लांबला. कोरोनानंतर शाळा नुकत्या कुठे उघडत होत्या. माझ्या बारावी कलाच्या वर्गात लांबच्या गावांच्या एकोणीस मुली होत्या. परीक्षेला बसल्या अकरा. उरलेल्या आठांपैकी तिघींची लग्नं उन्हाळ्यात झाली. आठही बाप आदल्या वर्षी फी भरायला स्वतः आले होते.

संप कधीतरीचा असतो. रोजची रडकथा वेगळी. मुक्कामी गाडी बंद होते, कारण ड्रायव्हर-कंडक्टरला गावात झोपायला जागा नाही, संडास नाही. सकाळची फेरी बंद होते, कारण भारमान नाही. आणि भारमान नाही म्हणजे काय, तर गाडीत तिकीटवाले कमी नि पासवाल्या पोरी जास्त. सरकार त्या पासाचे पैसे महामंडळाला देतं, तरी फाट्यावर दप्तरं घेऊन उभा असलेला घोळका दिसला की काही गाड्या वेग कमीच करत नाहीत. २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. छानच. पण जी गाडी येतच नाही तिचं अर्धं तिकीट नि पूर्ण तिकीट सारखंच.

पैशाची बाजू तर हसावं की रडावं अशी. अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्तांतल्या दारिद्र्यरेषेखालच्या मुलींनी पहिली ते चौथी शाळेत यावं म्हणून १९९२च्या ३ जानेवारीला उपस्थिती भत्ता सुरू झाला, दिवसाला एक रुपया. पुढे पंचवीसहून जास्त वर्षं तो एकच रुपया राहिला. पाचवी ते सातवीच्या मुलींची सावित्रीबाईंच्या नावाची शिष्यवृत्ती महिन्याला साठ रुपये होती. तीही अशीच वर्षानुवर्षं. लाडक्या बहिणीला एकविसाव्या वर्षापासून महिन्याला दीड हजार मिळतात, त्याला माझी हरकत नाही. आमच्या मावशीबाईंनी त्यातून चष्मा केला. पण त्याच बहिणीला चौदाव्या वर्षी गाडी मिळाली असती तर हिशोब वेगळा झाला असता, हेही बोललं पाहिजे.

भरीत भर, वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचं काय करायचं, हा घोळ. राज्यात अशा शाळा चौदा हजारांवर आहेत. त्या गुंडाळून मोठ्या समूह शाळा करायचा विचार २०२३मध्ये पुढे आला. प्रयोगशाळा, मैदान, विषयाला शिक्षक. कागदावर चांगलंच दिसतं. वाहतूक देऊ, असंही म्हणतात. सातपुड्याच्या पायथ्याशी किंवा झाडीपट्टीत पावसाळ्यात नाल्याला पूर आल्यावर ती वाहतूक कशी चालणार, हे एकदा जुलैत येऊन पाहावं. मुलगा मोटरसायकलवर कुणाच्या तरी मागे बसून जाईल. पहिलीतल्या मुलीसाठीही आता अंतर उभं राहील.

गावात या सगळ्यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला: शिकून का करते? नोकरी कुठं हाये? हा प्रश्न मला खोडता येत नाही. डीएड करून वेचणीला जाणाऱ्या मुली मला माहीत आहेत. पण याच गावात बाईला मिळणारी जी थोडी पगाराची, मानधनाची कामं आहेत, त्यांची अट काय? अंगणवाडी सेविकेला आता बारावी लागते. पोलीस भरतीला बारावी लागते, आणि आमच्या रस्त्यांवर पहाटे पाचला धावणाऱ्या मुली आता नवलाच्या राहिल्या नाहीत. बीएस्सी नर्सिंगला, फार्मसीला बारावी सायन्स लागतं. जुलै २०२४मध्ये सरकारनं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ केली. मोठा निर्णय, मनापासून स्वागत. फक्त इंजिनिअरिंगच्या त्या दारापर्यंत पोचायला अकरावीत सायन्स घ्यावं लागतं, आणि आमच्याकडे सायन्स सव्वापाचच्या गाडीवर अडतं. हजारोंची फी माफ होते, पण पंधरा मिनिटांचं कुणी बघत नाही.

दुसरा आक्षेप जास्त कडवट आहे, आणि तो पारावर कमी, लग्नाच्या मांडवात जास्त ऐकू येतो. पोरी शिकल्या आणि पोरांची लग्नं होईनात. शेती करणारा नवराच नको म्हणतात. खरं आहे. आमच्या पंचक्रोशीत पस्तिशीला आलेले, पाच-सात एकरांचे, निर्व्यसनी मुलगे बिनलग्नाचे आहेत, आणि त्यांच्या आयांकडे पाहून मलाही वाईट वाटतं. पण मुलीला दोष कशाचा द्यायचा? दहाव्या-बाराव्या वर्षापासून दिवाळीच्या सुट्टीत आईबरोबर कापूस वेचायला जाणारी ती. बोंडाच्या टोकांनी तिची बोटं सोलली आहेत. वेचाईचा दर, कापसाचा भाव, फवारणीचा खर्च आणि कृषी केंद्राची उधारी हे सगळं तिनं घरात ऐकलंय. कोरडवाहू कापसाचा ताळेबंद तिच्याइतका कुणाला कळतो? तिचा नकार त्या पोराला नसतोच. शेतीचा धंदा ज्या अवस्थेला नेऊन ठेवलाय, त्यावरचा तो शेरा आहे, आणि तो बरोबर आहे. ती शिकली नसती तर मुकाट्यानं त्या घरात गेली असती, आणि आपण म्हणालो असतो सगळं ठीक चाललंय. शिक्षणानं तिला नाही म्हणता आलं हा तोटा समजायचा की फायदा, ते ज्याच्या त्याच्यावर. मी तो फायद्यात धरते, आणि जागतिक अहवालांतल्या फायद्यांच्या यादीत हा नसतो याची मला गंमत वाटते.

कारण त्या याद्यांचंही एक दुखणं आहे. मुलगी शिकली की मुलं जगतात, घर सुधारतं, लोकसंख्या आटोक्यात येते. सगळा लाभ दुसऱ्यांचा. मुलाला का शिकवावं याची अशी यादी कुणी केलेली मी वाचलेली नाही. लाभ घराचा म्हटला की घर हिशोब करतं: तेवढ्यापुरतं दहावी पुरे, लग्नापुरतं बीए पुरे. मामाला चौकोन काढून दाखवणारी ती मुलगी घरासाठी शिकली नव्हती. तिला तो धडा आवडला होता, एवढंच.

पहिल्या मुलीचं राहिलं. तिनं कला घेतली. बीए झाली, आता भरतीसाठी फाट्यापर्यंत धावते. तिच्या अर्जानंतर मी स्टाफरूममध्ये विषय काढला की प्रॅक्टिकल सकाळी पहिल्या दोन तासांना घेऊ. कुरकुर झाली, लॅबचा माणूस अकराला येतो, सकाळी पाणी नसतं, एक ना दोन. गाडीची वेळ अर्धा तास पुढे करावी म्हणून आगारात तीन अर्ज दिले, त्यांतल्या एकावर पोच मिळाली. शेवटी प्रॅक्टिकल सकाळी गेली, गाडी सव्वापाचलाच राहिली.

यंदा तिची धाकटी बहीण अकरावी सायन्सला आली. अर्ज आता ऑनलाइन भरतात, बापानं यायची काही गरज नव्हती, तरी तो आला. तोच दुपट्टा.

“मॅडम, प्रॅक्टिकल सकाळचंच रायते ना? पुढच्या सालीबी?”

मी हो म्हणाले. वेळापत्रक दर जूनला नव्यानं लागतं, हे मी त्याला सांगितलं नाही.